तेल गळतं कुठून?

जुनी मोटारसायकल रात्रभर जिथे उभी होती, तिथे सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. वाकून पाहिलं तर डागाच्या बरोबर वर इंजिनाचा एक बोल्ट असतो आणि त्याच्या टोकाला थेंब लोंबत असतो. बहुतेक जण पान्हा घेऊन तो बोल्ट आवळतात. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर!

असं का होतं? तेल धातूवर पातळ थरात पसरत जातं. गाडी धावताना वारा त्याला मागे ढकलतो, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. शेवटी ते इंजिनाच्या सर्वात खालच्या टोकाशी जमून ठिबकतं. म्हणजे थेंब पडतो तो तेलाच्या प्रवासाचा शेवट. आपल्याला शोधायची असते सुरुवात. हेच तेल मागच्या टायरवर आलं, तर गाडी घसरू शकते. म्हणून हा शोध महत्त्वाचा.

त्यासाठी लागणारं साधन प्रत्येक वर्गात असतं : खडू. थंड इंजिन रॉकेलने धुवून पुसायचं आणि उघड्यावर पूर्ण वाळू द्यायचं. मग जोडांवर खडूची बारीक पूड भुरभुरायची आणि मोकळ्या हवेत इंजिन थोडा वेळ चालवायचं. पांढऱ्या पुडीवर पहिला ओला डाग जिथे उमटेल, तिथे गळती.

ही युक्ती रेल्वेच्या कारखान्यांत फार पूर्वीपासून वापरात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आस, चाकं अशा भागांतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी ते भाग रॉकेल मिसळलेल्या जाड तेलात बुडवून ठेवत. मग पुसून त्यांवर खडूचा पातळ लेप देत. भेगेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येई आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटे. 1940 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी याच तत्त्वावर चमकणारे रंग वापरले. अतिनील प्रकाशात भेग लखलखू लागली. आज इंजिनातली गळती शोधायलाही तेलात असा रंग मिसळतात.

जागा सापडली. पण तेल बाहेर का येतं? याचं उत्तर इंजिनांच्या इतिहासात सापडतं.

1937 साली इंग्लंडमध्ये एडवर्ड टर्नर यांनी रचना केलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन बाजारात आली. पुढे तीस वर्षं ब्रिटिश मोटारसायकलींवर या रचनेची छाप राहिली. तिचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, उभ्या दोन भागांचं होतं. एक पातेलं मधोमध उभं कापून पुन्हा जोडलं अशी कल्पना करा. जोड थेट तळातून जातो. त्यात जरा फट राहिली की तेल निघालंच.

दुसरं कारण दट्ट्यांच्या हालचालीत होतं. या इंजिनात दोन्ही दट्टे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. ते खाली येताना क्रँककेसमधली सुमारे 500 घनसेंटिमीटर जागा कमी होई आणि आतल्या हवेचा दाब वाढे. मिनिटाला 3000 फेऱ्या म्हणजे हे सेकंदाला 50 वेळा! ही हवा बाहेर सोडण्यासाठी श्वासमार्ग, म्हणजे ब्रीदर ठेवलेला असे. तो तुंबला की हवा जोडांतून वाट काढी आणि तेल सोबत नेई.

आपल्याकडच्या जुन्या बुलेटचंही गणित हेच. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या 350 बुलेटचा सिलिंडर एकच. व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. विद्यार्थ्यांना घनफळ काढायला सांगा. उत्तर येईल सुमारे 346 घनसेंटिमीटर. दट्ट्या खाली येताना दरवेळी तेवढी हवा दाबली जाते.

जपानमध्ये होंडा कंपनीने 1952 साली परदेशातून अचूक यंत्रं आणायचं ठरवलं. 1969 साली विक्रीला आलेल्या तिच्या सीबी 750 मध्ये क्रँककेस आडवं दुभागलेलं होतं. आता पातेलं अखंड, जोड वरच्या काठाशी. चार दट्ट्यांपैकी दोन वर जात तेव्हा दोन खाली येत. त्यामुळे आतली जागा जवळजवळ तेवढीच राही. जोडांचे पृष्ठभागही अधिक सपाट होते. या गाडीने गळतीची तक्रार रचनेतच पुष्कळशी मिटवली.

मेरिडेनचा ट्रायम्फचा कारखाना 1983 साली बंद पडला. जुनी यंत्रं, अपुरी गुंतवणूक, मालक-कामगार तंटे अशी त्यामागे अनेक कारणं होती. एकट्या तेलाच्या डागाने कारखाना बुडत नाही. पण ग्राहक तो डाग रोज सकाळी पाहत होता, हेही खरं.

आता दुरुस्ती. आधी ब्रीदरची नळी साफ आहे का ते पाहावं. दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील, तर जळालेले वायू खाली उतरून दाब आणखी वाढवतात, तेही तपासावं. मगच जोड उघडून त्याचे पृष्ठभाग स्वच्छ करावेत, नवं पॅकिंग बसवावं आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, सारखे आवळावेत. एकच बोल्ट जोर लावून पिळला, तर झाकण वाकतं आणि शेजारी नवी फट तयार होते.

वर्गात हा प्रयोग मांडताना खडूची पूड उडवण्याआधी प्रत्येकाला गळतीची जागा वहीत लिहून ठेवायला सांगा. पूड ओली झाल्यावर किती अंदाज बरोबर ठरले ते मोजा. आणि मग पुढचा प्रश्न विचारा : इथूनच का?