उपवासकाळातील तीर्थपात्रे

राखेच्या बुधवारीच तीर्थपात्रे रिती करून त्यांत वाळू भरण्याची चाल काही देशांतील देवळांत पडली. तारुण्याच्या उत्साहात आम्हीही एका वर्षी तसे केले. एका वृद्धेची बोटे वाळूत रुतली व ती खिन्न झाली, हे आम्हांस अद्यापि टोचते. १४ मार्च २००० रोजी रोमच्या उपासनाविषयक मंडळाने ही चाल अमान्य केली. उपवास अन्नाचा असतो, संस्कारांचा वा तीर्थाचा नव्हे. ख्रिस्तसभेच्या रीतीप्रमाणे पात्रे रिकामी राहतात ती पास्काच्या पवित्र दिवसांतच; मग जागरणविधीत नव्या पाण्यास आशीर्वाद मिळतो. हा विधी पूर्वी शनिवारी सकाळीच उरकत असे. पोप बारावे पायस ह्यांनी १९५१ साली प्रयोगादाखल व १९५६ पासून सर्वत्र तो पुन्हा रात्री नेला. आता त्या रात्री तीर्थ घरी नेण्यासाठी आमची माणसे बाटल्या घेऊन येतात.