हलगी आणि फलक एकाच कुळातले

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, उमरगा ओलांडताना दोन्ही अंगांना जाहिरातींचे फलक लागतात. याच धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत दवंडी हलगीवर दिली जायची. जाळावर शेकून कडक केलेल्या कातड्यावर काठीचा कडाडा, मग 'ऐका हो ऐका', मग पाणीपट्टीचा नाही तर ग्रामसभेचा निरोप. माझं ठाम म्हणणं आहे की हलगी आणि फलक हा मुळात एकच शब्द.

'हलगी'चा सांधा 'हलकी'शी जुळवायचा मोह होतो, वाद्य खरंच हलकं असतं. पण सीमेपलीकडे कन्नडातही हे वाद्य 'हलगी' किंवा 'हलगे'च, आणि तिथे 'हलगे' म्हणजे फळीसुद्धा. जुन्या कन्नडात शब्दाच्या आरंभी असलेल्या 'प'चा पुढे 'ह' झाला: 'पत्तु'चं 'हत्तु' म्हणजे दहा, 'पालु'चं 'हालु' म्हणजे दूध. तसंच 'पलगे'चं 'हलगे'. तमिळमध्ये फळी अजून 'पलगै'च आहे. आणि 'पलगे' म्हणजे संस्कृत 'फलक'. कुणी म्हणेल, मूळ शब्द द्राविडी, संस्कृतने तो उचलला. असेना, नातं त्याने तुटत नाही.

फळीचं नाव कातडी वाद्याला कसं लागलं? चपटं म्हणून, हे सोपं उत्तर मला पुरत नाही. परातही चपटीच असते. 'फलक'चा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे ढाल. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, डाव्या हाताने अंगाशी धरायचं. ढालीचं नाव ढालीसारख्या वाद्याने घेतलं, असंच मी धरून चालतो.

दवंडी-जाहिरातीच्या बाकीच्या शब्दांचा प्रवास सरळ आहे. १९४८पर्यंत इथे निजामाचं राज्य, कारभार उर्दूत, म्हणून सरकारी कागदावर 'इश्तिहार'. 'डांगोरा' कन्नडातल्या 'डंगुर'चा भाऊ. 'जाहिरात' मात्र वेगळी. अरबी 'जाहीर'ला अनेकवचनी 'आत' लागला आणि 'खैरात'प्रमाणेच मराठीत शब्द एकवचनी स्त्रीलिंगी होऊन बसला. हिंदी 'विज्ञापन' म्हणते, उर्दू 'इश्तिहार'. जाहिरातीला 'जाहीरातु' म्हणते ती कन्नड. तिला हा शब्द मराठीनेच दिला असणार, कारण तिकडे पोचायला दुसरी वाट दिसत नाही. रस्त्याकडेच्या बोर्डाला कन्नडात 'जाहीरातु फलक' म्हणतात.