ट्रकचे सेन्सर : कमी खर्चातील तपासणी आणि देखभाल

मालवाहू वाहनाचा पिकअप कमी झाला, ॲव्हरेज घसरले की पूर्वी मिस्त्री प्रथम डिझेल पंप आणि नोझलकडे वळत असे. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या वाहनांत इंधनाचे प्रमाण यांत्रिक पंप ठरवीत असे आणि अनुभवी हात स्क्रू किंचित फिरवून इंजिन 'लावून' देत असे. मुंबईत २००५ मध्ये भारत स्टेज ३, २०१० मध्ये भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून संपूर्ण देशात भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्या ओघात पंपाचा हा अधिकार 'ईसीयू' या संगणकाकडे गेला. किती डिझेल, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे हे तो सेन्सरकडून आलेल्या विद्युत संकेतांवरून ठरवितो. साहजिकच स्क्रू फिरविण्याची जुनी सवय आता सेन्सरच्या तारांपर्यंत पोहोचली आहे.

चिंचपोकळीसारख्या भागात हा प्रश्न विशेष जाणवतो. एका बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, दुसऱ्या बाजूस साने गुरुजी मार्ग आणि मध्ये रेल्वेमार्ग ओलांडणारा पूल, अशा या परिसरात मालवाहू टेम्पोचा बराचसा वेळ थांबत-थांबत सरकण्यात जातो. गणेशोत्सवापूर्वी कार्यशाळांतून निघणाऱ्या मोठ्या मूर्ती वाहनांवरून अक्षरशः पावलापावलाने नेल्या जातात. इंजिन दीर्घकाळ मंद गतीने चालले की धुराचे तापमान कमी राहते, ज्वलन अपुरे होते आणि काजळी साचते. ही काजळी ईजीआर झडपेवर, हवेच्या नळीत आणि तेथील दाबमापक सेन्सरवर बसते. सेन्सरचे वाचन चुकते, ईसीयू चुकीच्या माहितीवर निर्णय घेतो आणि गाडी ओढत नाही.

'जुगाड' का महागात पडतो?

अशा वेळी सुचविला जाणारा स्वस्त उपाय म्हणजे सेन्सरच्या तारेत काही रुपयांचा रेझिस्टर बसविणे. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरला तो जोडला, की हवा प्रत्यक्षाहून थंड असल्याचा ईसीयूचा समज होतो. थंड हवा दाट असते, म्हणून तो अधिक डिझेल देऊ शकतो. प्रत्यक्षात तेवढा प्राणवायू उपलब्ध नसल्याने काळा धूर वाढतो. कॉमन रेलच्या दाबाचा संकेत कमी दाखविणारी पेटीही याच पद्धतीची असते. ईसीयू मग दाब वाढवितो. जी यंत्रणा आधीच हजार-दीड हजार बारच्या घरात काम करते, तिच्यावर आणखी भार पडतो आणि इंजेक्टर व पिस्टन यांचे आयुष्य घटते. आरंभी जाणवणाऱ्या पिकअपची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

भारत स्टेज ६ च्या बहुतेक मोठ्या वाहनांत धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (डीईएफ) वापरले जाते. त्याचा खर्च वाचविण्यासाठी खोटा संकेत देणारी उपकरणे बसविण्याचे प्रकार जगभर आढळले आहेत. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत मुख्यतः धुराची गडदता मोजली जाते. त्यामुळे असे वाहन चाचणीत उत्तीर्ण होऊनही अदृश्य विषारी वायू सोडत राहू शकते, आणि तो वायू रस्त्यालगतच्या चाळींतील रहिवाशांच्या श्वासात जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर कलम १९०(२) अन्वये प्रदूषणविषयक मानकांच्या उल्लंघनासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

स्वतः करण्याजोगी तपासणी

सेन्सरला फसविण्याऐवजी त्याला खरे बोलते करणे हाच स्वस्त आणि टिकाऊ उपाय होय. त्यासाठी साधा मल्टिमीटर, संपर्कबिंदू साफ करण्याचा स्प्रे आणि स्वच्छ कापड पुरेसे असते. काम इंजिन थंड असतानाच करावे. सेन्सरची जोडणी सोडविण्यापूर्वी किल्ली बंद करून काही मिनिटे थांबावे.

*जोडण्या आणि अर्थिंग :* मुंबईच्या दमट, खारट हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो. पिना स्वच्छ कराव्यात, सैल क्लिप बदलावी, इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट बसवावी. अनेकदा सेन्सर निर्दोष असून दोष येथेच सापडतो.

*शीतक तापमान सेन्सर :* याचा रोध तापमान वाढेल तसा घटतो. प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे सव्वातीनशे ओहम वाचन मिळते. आपल्या वाहनाचा तक्ता निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावा. वाचनात मोठी तफावत असल्यास सेन्सर बदलावा.

*हवेच्या दाबाचा सेन्सर :* किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत स्कॅनरवर बाहेरील वातावरणाचाच दाब दिसायला हवा. समुद्रसपाटीवरील मुंबईत तो सुमारे १०० किलोपास्कल असतो. तेच वाहन बोरघाट चढून खंडाळ्यास गेल्यावर आकडा ९४ च्या आसपास येतो. चिंचपोकळीत उभ्या गाडीत ९० दिसत असेल, तर सेन्सर, त्यावरील काजळी किंवा वायरिंग यांकडे लक्ष द्यावे. सेन्सर काढून त्यासाठीच्या द्रवाने हळुवार स्वच्छ करावा. छिद्रात सुई किंवा तार घालू नये.

*हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर :* यातील तप्त तार किंवा पातळ पट्टी अतिशय नाजूक असते. तिला बोट वा कापड लावू नये. केवळ तिच्यासाठी मिळणारा स्प्रे मारून पूर्ण वाळू द्यावी. एअर फिल्टर फाटका असल्यास ही सफाई फार काळ टिकत नाही.

*क्रँक सेन्सर :* चुंबकीय टोकाला लोखंडाचा कीस चिकटल्यास इंजिन उशिरा सुरू होते. टोक पुसावे, मूळ जाडीचाच वॉशर परत बसवावा.

सीएनजीवरील टेम्पोत धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर महत्त्वाचा असतो. इंजिन तापल्यावर नेहमीच्या प्रकारातील सेन्सरचा संकेत साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. तो एकाच जागी स्थिर राहिल्यास सेन्सर किंवा मिश्रणात दोष संभवतो.

कोठे थांबावे?

उच्च दाबाची इंधननळी घरी कधीही सोडवू नये. त्यातून उडणारी डिझेलची बारीक धार त्वचा भेदू शकते. इंजेक्टर, ईसीयूतील प्रोग्राम आणि डीईएफ यंत्रणा यांचे काम प्रशिक्षित मिस्त्रीकडेच सोपवावे. काजळीची गाळणी असलेल्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागल्यास पुस्तिकेतील सूचनेनुसार सलग वेगाची फेरी करावी. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या टेम्पोसाठी सायनपलीकडील पूर्व द्रुतगती महामार्ग त्यास सोयीचा पडतो.

वाहन सुस्थितीत असतानाच सर्व सेन्सरची वाचने वहीत तारखेसह नोंदवून ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर, तसेच उत्सवाच्या धावपळीनंतर पुन्हा घ्यावीत. दोन नोंदींतील फरकावरून कोणता सेन्सर बिघडू लागला आहे हे आधीच कळते. सर्व सुटे भाग एकामागोमाग बदलून पाहण्याचा खर्चही त्यामुळे टळतो.