सोलापूर आणि दूरचा समुद्र

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर वाढलेले आहेत. समुद्र म्हणजे काय हे त्यांना नव्याने सांगावयास नको. सोलापूरची गोष्ट वेगळी. येथून समुद्र सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. येथील जुन्या माणसास पाण्याविषयी विचारले, तर तो सिद्धेश्वर तलावाचे सांगेल, एकरुखचे सांगेल, भीमा-सीनेचे आणि उजनीचे सांगेल. समुद्राचे नाव त्याच्या तोंडी येणार नाही. तथापि या जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, म्हणजे ध्यानी येते की येथील मोठमोठ्या दुष्काळांची, आणि अलीकडे महापुरांचीही, सूत्रे बव्हंशी समुद्राच्याच हाती राहिली आहेत. तो समुद्र कधी अरबी, कधी बंगालचा उपसागर, तर कधी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा पॅसिफिक महासागर.

महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. सोलापुरी सरासरी साडेपाचशेच्या आसपास. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडील या पर्जन्यछायेच्या मुलुखात कोरडे वारे तेवढे पोहोचतात. सोलापूरची खरी भिस्त सप्टेंबरवर. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन पश्चिमेस सरकतात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत गडगडाटी पाऊस होतो, काळ्या जमिनीत ओल मुरते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरली जाते. पुढे एक थेंबही पडला नाही तरी मालदांडी ज्वारी त्याच ओलीवर माघ-फाल्गुनापर्यंत उभी राहते. मंगळवेढ्यास ज्वारीचे कोठार म्हणतात ते त्यामुळेच. म्हणजे वर्षभराची भाकरी चार-सहा आठवड्यांच्या पावसावर ठरते. तो चुकला की सारे चुकले.

या मंगळवेढ्याचेच दामाजीपंत. पंधराव्या शतकातल्या घोर दुष्काळात बेदरच्या सुलतानाचे कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी खुले केले, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? विठ्ठलाने महाराच्या रूपाने जाऊन धान्याची किंमत चुकती केली, अशी श्रद्धा आहे. कथेतील अद्भुताचा विचार तूर्त बाजूस ठेवू. इतिहासाच्या अभ्यासकास तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. दुष्काळातही कोठारात धान्य होते. प्रश्न कुलपाचा होता. हे ध्यानी ठेवून आपण १८७६ सालाकडे वळू.

त्या वर्षी दख्खनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ आलाच नाही. रब्बीची पेरणी साधली नाही, कडबा संपला, जनावरे कवडीमोलाने विकली गेली किंवा दावणीलाच मेली. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांवर सर्वांत मोठा आघात झाला त्यांत त्या वेळचे शोलापूर होते. रेल्वे येथे १८६० सालीच येऊन पोहोचली होती. तिच्यामुळे बाहेरचे धान्य आले हे खरे. परंतु व्यापारात सरकारने हात घालू नये, हे व्हाइसरॉय लिटन यांच्या राजवटीचे ब्रीद असल्याने ज्याच्या गाठी पैसा त्यालाच ते मिळाले. हजारो कुटुंबे घरे सोडून दुष्काळी कामांवर गेली. मध्यवर्ती सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये मजुरीत काटछाट सुचविली: पुरुष मजुरास दिवसाला एक रतल धान्याइतकी रक्कम आणि वर थोडे पैसे. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाने रतलभर धान्यावर जगावे, हा हिशेब कचेरीत बसूनच सुचू शकतो. मुंबई इलाख्यातील मजुरांनी तो मानला नाही. हजारोंच्या संख्येने त्यांनी कामे सोडली. त्यांच्या बाजूने उभी राहिली ती १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, बाजारभावाची आणि मृत्यूंची माहिती गोळा करून ती सरकारापुढे ठेवली. भारतातील लोकसंस्थेने केलेली दुष्काळाची ती बहुधा पहिलीच पद्धतशीर मांडणी असावी.

१८८१ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. किती मेले आणि किती परागंदा झाले याचा वेगवेगळा हिशेब कोणी ठेवला नाही. याच काळात, १८७७ साली, शहरात जुनी गिरण सुरू झाली, आणि तिच्या भोंग्याबरोबर गिरणगाव सोलापूरचा इतिहास सुरू होतो. भोवतालची शेती मोडलेली असताना गिरणीस मजुरांची वाण पडली नसेल, हे सांगावयास नको. आष्टीचा तलावही त्याच दुष्काळातील मजुरांनी खोदावयास घेतलेला. आज त्याच्या काठी उभे राहिले असता तो कोणाच्या भुकेतून निर्माण झाला याची खूण कोठे दिसत नाही.

तेव्हा कोणास ठाऊक नव्हते की त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझिलच्या सिआरा प्रांतातही लक्षावधी लोक अन्नावाचून मरत होते. इतक्या दूरदूरच्या मुलुखांत एकाच वेळी पाऊस कसा रुसला? या प्रश्नाची उकल व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या उकलीचा धागा भारतातूनच सुरू होतो.

१८६४ साली कलकत्त्यास वादळाने झोडपले आणि १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला, म्हणून १८७५ साली सरकारने हवामान खाते स्थापन केले होते. दुसऱ्याच वर्षी त्याच्यापुढे हा दुष्काळ उभा राहिला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध जोडला. हिमालयावर बर्फ अधिक पडले तर पुढचा पावसाळा उणा, असा त्यांचा आडाखा होता, आणि १८८६ पासून खाते दरवर्षी भाकीत करू लागले. १८९९ साली मात्र पाऊस चांगला होईल असे सांगितले गेले आणि देशाने भयंकर अवर्षण पाहिले. १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांनी ढगांऐवजी आकड्यांकडे पाहिले. जगभरच्या वेधशाळांची हवेच्या दाबाची टिपणे मागवून भारतीय कारकुनांच्या फौजेकडून त्यांनी वर्षानुवर्षे गणिते करून घेतली. त्यातून दिसले ते असे: पॅसिफिकच्या बाजूस हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू एखादा प्रचंड झोपाळा. यास त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

वॉकर यांची कचेरी सिमल्यास होती. १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे पुण्यास आले आणि सिमल्याचे नाव बरोबर घेऊन आले. शिवाजीनगरातील ‘सिमला ऑफिस’ ते हेच. सेमिनरीत शिकत असताना आम्ही त्या बसथांब्यावर कितीदा तरी उतरलो असू; सोलापूरच्या भाकरीचा हिशेब त्या कुंपणाच्या आत होतो, हे पुष्कळ उशिरा कळले.

झोपाळा हलतो हे वॉकर यांनी दाखविले; तो हलविते कोण, हे १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी सांगितले. पॅसिफिकवर एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात आणि वरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटून ठेवतात. तेथे हवा वर चढते, ढग जमतात. काही वर्षांनी हे वारे मंदावतात, उबदार पाणी पेरूच्या दिशेने परतते आणि ढगांचे सारे बिऱ्हाड त्याच्यामागे सरकते. मग आपल्या बाजूस हवा वर चढण्याऐवजी खाली उतरू लागते आणि मोसमी पाऊस दडपला जातो. पेरूच्या कोळ्यांना हे उबदार पाणी पूर्वीपासून माहीत होते. ते नाताळच्या सुमारास येते, म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘एल निनो’, म्हणजे बालक, बाळ येशू. गव्हाणीतल्या बाळाचे नाव आमच्या शेतकऱ्यांच्या कानी दुष्काळाचे नाव म्हणून पडावे, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग. १८७७-७८ चा एल निनो हा ज्ञात इतिहासातील अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक होता, असे संशोधक आता सांगतात. त्याच वेळी हिंदी आणि अटलांटिक महासागरांचे तापमानही विपरीत झाले होते.

१९७२ चा दुष्काळ आज साठी ओलांडलेल्या प्रत्येक सोलापूरकरास आठवतो. ते एल निनोचे वर्ष होते. त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही माशांची प्रचंड मासेमारी कोसळली. बेसुमार उपशाने ती आधीच खिळखिळी झाली होती. तिकडे कोळ्याचे जाळे रिकामे, इकडे कुणब्याचे खळे रिकामे, आणि कारण बव्हंशी एकच. सोलापूरच्या रस्त्यांवर खडी फोडणारी कुटुंबे, सुकडीचे वाटप, रेशनवरील तांबडी मिलो, हे चित्र आमच्या पिढीने पाहिले आहे. परंतु १८७६ प्रमाणे प्रेतांची रास लागली नाही. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी या कामांतून धडा घेतला आणि पुढे पाणलोट विकासाच्या कार्यास वाहून घेतले. म्हणजे समुद्र दोन्ही वेळी तसाच वागला होता. वागण्यात फरक पडला तो माणसांच्या.

समुद्राचा हिशेब इतका सरळही नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. १९९७ साली पॅसिफिकमध्ये अतिप्रबळ एल निनो असताना भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वेळी पूर्व भागापेक्षा उबदार होता आणि त्याने आपल्या पावसाची बाजू सावरली. यास आता ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ म्हणतात. बाजारात ‘यंदा एल निनो, पाणी नाही’ अशी आरोळी उठते, तेव्हा हे आठवावे.

आजवर सांगितलेली आंदोलने माणसाच्या आधीपासूनची आहेत. आता मात्र झोपाळ्याखालची जमीनच तापू लागली आहे. कोळसा आणि तेल जाळून वातावरणात जी जादा उष्णता साठली, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठभागाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले. जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ याहून कमी, ०.७ अंश. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालातील हे आकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिद्ध केलेले आहेत. तोच अहवाल सांगतो की याच काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. मध्य भारतात मात्र दिवसात दीडशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस होण्याचे प्रसंग सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस कमी, आणि पडेल तेव्हा मुसळधार! उबदार समुद्रावरची हवा अधिक बाष्प उचलते आणि ते सावकाश वाटीत नाही, एकदम ओतते.

याचा सोलापुरी अनुभव ऑक्टोबर २०२० मध्ये आला. बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा आंध्र किनारा ओलांडून तेलंगणातून थेट या जिल्ह्यावर आला. १४ ऑक्टोबर रोजी पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहाजण दगावले आणि भीमेला महापूर आला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतील गावांना वेढा घातला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. सीनेच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली गेली. तेथे माणसे होडीतून काढावी लागली.

सप्टेंबरच्या या अतिवृष्टीचे एक सूत्र उत्तर ध्रुवाकडे जात असावे, असे वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागर संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी २०२१ साली सुचविले आहे. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिले, तर वरच्या थरातील वाऱ्यांची रचना बदलते आणि उबदार अरबी समुद्राच्या बाष्पाच्या जोडीने मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टीस वाव मिळतो, असे त्यांचे म्हणणे. हा संबंध अजून पुरता सिद्ध झालेला नाही. सोलापूर या पट्ट्याच्या कडेला येते. तरीही ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाच्या बर्फात जे शोधले, त्याचा शोध आज गोव्यात बसून ध्रुवाच्या बर्फात घेतला जात आहे, हे पाहून नवल वाटते.

सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. थोड्या पावसावर ज्वारी कशी काढावी, कप्पे बंदिस्ती करून थेंबन्‌थेंब रानातच कसा मुरवावा, याचे ज्ञान तेथे तीन पिढ्यांनी जमविले. ज्या बांधांनी पाणी अडवावे असे ते ज्ञान सांगते, ते बांध २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठी पुराने मातीसकट खरडून नेले. कित्येक रानांत वाफसा यावयास दिवाळी उजाडली. ज्या पाण्यासाठी हस्ताची वाट पाहावयाची, त्या पाण्यानेच पेरणी अडवावी, असा प्रश्न त्या केंद्रापुढे पूर्वी कोणी ठेवला नव्हता. आता तो ठेवला गेला आहे.