छातीच्या हाडापर्यंत आलेली स्थानिक भूल

ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतर दुखते ते प्रामुख्याने छातीचे मधले हाड. हृदयापर्यंत पोचण्यासाठी ही उरोस्थी करवतीने उभी कापतात, तिच्या दोन्ही बाजू ताणून धरतात आणि शेवटी पोलादी तारांनी बांधतात. पुढचे काही दिवस प्रत्येक खोल श्वासाला आणि खोकल्याला जखमेवर ताण येतो. दुखते म्हणून रुग्ण श्वास उथळ घेतो, कफ फुप्फुसात साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. ही वेदना हाडाजवळच अडवणारी स्थानिक भुलीची औषधे हृदयशस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून हाताशी होती. तरी उरोस्थीपर्यंत ती फार फिरून आली.

या औषधांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील कोकाच्या पानांत आहे. १८६० मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आल्बर्ट नीमान यांनी त्या पानांतून शुद्ध कोकेन वेगळे केले. १८८४ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी ते थेट मज्जातंतूंजवळ टोचायला सुरुवात केली, आणि या प्रयोगांतच ते स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडले. १८९८ मध्ये कील येथे ऑगस्ट बीअर यांनी कण्यातून भूल दिली. कोकेनचे व्यसन आणि विषारीपणा टाळण्यासाठी निर्धोक पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यातून आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन, १९४० च्या दशकात स्वीडनमधील निल्स ल्योफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांचे लिडोकेन आणि १९५७ मध्ये जास्त वेळ टिकणारे ब्युपिव्हाकेन आले. मज्जातंतूतील सोडियमचे मार्ग बंद करून वेदनेचा संदेश जागीच थांबवणे, हे या सगळ्यांचे काम.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने हृदयातील छिद्र बंद केले. ऑर्मंड ज्युलियन यांनी १९५७ मध्ये पुरस्कार केल्यानंतर उरोस्थी उभी कापण्याची पद्धत रूढ झाली. मात्र वेदनाशमनाची सारी मदार अफूवर्गीय औषधांवर राहिली. १९६९ मध्ये बोस्टनमध्ये एडवर्ड लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फिनच्या फार मोठ्या मात्रांनी भूल देण्याची पद्धत मांडली. कमकुवत हृदयाला ती मानवे. पण श्वास मंदावत असल्याने रुग्णाला बराच काळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागे.

स्थानिक भूल दूर राहण्याचे मोठे कारण हेपारिन. हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हे औषध मोठ्या मात्रेत द्यावेच लागते. छातीच्या भागातील वेदना अडवण्याचा परिणामकारक उपाय म्हणजे पाठीतून बारीक नळी घालून दिलेली एपिड्युरल. परंतु तिथे शीर दुखावली आणि रक्त गोठत नसेल, तर साचलेले रक्त मज्जारज्जूवर दाब आणून पाय कायमचे लुळे करू शकते. १९८० आणि १९९० च्या दशकांत काही केंद्रांनी नळी आदल्या दिवशी घालून हा धोका कमी केला. वेदना चांगली कमी झाली, रुग्ण लवकर स्वतः श्वास घेऊ लागले. तरी दुर्मीळ पण भयंकर गुंतागुंतीच्या भीतीमुळे पद्धत सर्वत्र पसरली नाही.

मग औषध कण्यापासून दूर, जखमेकडे सरकू लागले. २००३ मध्ये अमेरिकेत उरोस्थीच्या जखमेत बारीक छिद्रांची नळी ठेवून ब्युपिव्हाकेन सतत सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मॉर्फिनची गरज घटली. पण नळीमुळे जखमेत जंतुसंसर्ग होण्याची काळजी राहिली.

खरा बदल अल्ट्रासाउंडने घडवला. सुई कोणत्या दोन स्नायूंच्या मध्ये आहे हे पडद्यावर दिसू लागले. २०१६ मध्ये कॅनडात मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी पाठीच्या उभ्या स्नायूखाली औषध सोडण्याची पद्धत वर्णिली. ती इरेक्टर स्पायनी ब्लॉक म्हणून ओळखली जाते. बंगळुरूच्या श्री जयदेव हृदयरोग संस्थेतील भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये हृदयरुग्णांत तिची एपिड्युरलशी तुलना केली आणि ती योग्य पर्याय ठरू शकते असे मांडले.

त्याच सुमारास भूल उरोस्थीच्या कडेलाही पोचली. या हाडाला संवेदना देणाऱ्या बरगड्यांमधील मज्जातंतूंच्या पुढच्या शाखा कडेजवळून वर येतात, म्हणून औषध तिथे दोन्ही बाजूंना सोडतात. या पॅरास्टर्नल ब्लॉकसाठी रुग्णाला कुशीवर वळवावे लागत नाही. त्याच्या उथळ प्रकारात औषध छातीच्या मोठ्या स्नायूखाली जाते. खोल प्रकारात सुई बायपाससाठी वापरल्या जाणाऱ्या छातीच्या आतल्या धमनीजवळ जाते, त्यामुळे जास्त जपावे लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एका टोचणीचा परिणाम काही तासांपासून साधारण दिवसभर टिकतो. पोटाच्या वरच्या भागातून बाहेर आलेल्या निचऱ्याच्या नळ्या आणि शीर काढलेल्या पायाची जखम पॅरास्टर्नल ब्लॉकच्या कक्षेबाहेर राहतात. मात्राही मोजूनमापून द्यावी लागते, कारण जास्त ब्युपिव्हाकेन रक्तात गेल्यास हृदयच थांबू शकते. किलोमागे सुमारे २ मिलीग्रॅम ही मर्यादा धरली, तर ६० किलोच्या रुग्णाला १२० मिलीग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्के द्रावणाचे ४८ मिलीलिटर, आणि तेही दोन्ही बाजूंत विभागून. विषबाधा झालीच तर शिरेतून स्निग्ध द्रावण देतात; गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा उपयोग दाखवला होता. या मर्यादांमुळे आजही पॅरासिटामॉल आणि थोड्या अफूवर्गीय औषधांच्या जोडीनेच हे ब्लॉक दिले जातात. मॉर्फिनची मात्रा घटवणे आणि रुग्णाला लवकर मोकळा श्वास घेऊ देणे, हा त्यांचा मुख्य उपयोग आहे.