तळटीप : म्हैसूरच्या रुग्णालयाचे ‘युरोपीय मालक’

* ‘युरोपीय मालक’ : लेखकाचा रोख सीव्हीसी कॅपिटल पार्टनर्स या मूळच्या लंडनच्या खासगी गुंतवणूक कंपनीकडे आहे. म्हैसूरचे भारत हॉस्पिटल हे डॉ. बी. एस. अजयकुमार यांनी स्थापन केलेल्या एचसीजी या कर्करोग रुग्णालयांच्या साखळीतले. नाशिकचे मानवता केंद्रही तिच्यातलेच. जून २०२० मध्ये, टाळेबंदीने रुग्णसंख्या रोडावली असताना, सीव्हीसीने एचसीजीत सुमारे ६२५ कोटी रुपये घालण्याचा करार केला. शेअर असो वा वॉरंट (पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क), भाव १३० रुपये. हा पैसा जुन्या भागधारकांच्या खिशात न जाता कंपनीच्या तिजोरीत गेला आणि कर्जाचा बोजा हलका झाला. युरोपात अशा कंपन्यांचे फंड बहुधा उलट करतात: खरेदीसाठी काढलेले कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी मारतात. आपल्याकडे शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेचे दीर्घकाळ निर्बंध होते, त्यामुळे ती वाट जवळपास बंदच होती. लेखकाने वापरलेले ‘लुटारू’ हे विशेषण म्हणूनच इथे बसत नाही.

अशा फंडातला पैसा मुख्यतः पेन्शन फंडांचा आणि विमा कंपन्यांचा, मुदत साधारण दहा वर्षांची. तेव्हा घेतानाच विकायचे ठरलेले असते. व्यवस्थापकांना दरसाल शुल्क मिळते, शिवाय ठरलेला परतावा गाठल्यावर नफ्याचा साधारण पाचवा हिस्सा. रुग्ण तपासायला ते येत नाहीत. संचालक मंडळावर आपली माणसे बसवतात आणि हिशेब मागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीव्हीसीने एचसीजीतला ५४ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा केकेआर या अमेरिकेच्या अशाच गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार केला. भाव ४४५ रुपये. — संपादक