गाडी गेली, मुसाफिर आले

अमेरिकेतील मिसुरी नदीकाठचा ‘केटी’ रेल्वेमार्ग १९८६ मध्ये बंद पडला. तिथे सायकलवाट करायचे ठरले तेव्हा लगतचे काही जमीनमालक कोर्टात गेले. तरीही १९९० मध्ये रोचपोर्ट इथे पहिला टप्पा खुला झाला. आज ही वाट सुमारे ३८५ किलोमीटर आहे. काठावरच्या गावांत जुन्या घरांमध्ये मुक्काम आणि सकाळची न्याहारी मिळते. रोचपोर्टला तर १९१४ ची शाळाच मुसाफिरखाना झाली आहे. मी शिक्षक आहे. वर्गात मुलांऐवजी पाहुणे, हे मला आधी खटकले. पण वास्तू वापरात राहिली म्हणूनच टिकली. अजिंठ्याजवळ फर्दापूरला मुघलकालीन सराई आहे, मुसाफिरांसाठीच बांधलेली. तिचा असा विचार आपण कधी करणार?